हातमोज्यांचा मान

४ जून

प्रिय आत्या,

नमस्कार. महिन्याने लिहितेय, रागावू नकोस. पोचले, जेवले, झोपले, उठले, आणि आता मी रीतसर लष्करातली पॅराशूट घडी करणारी आहे. बाबांची बोट अजून सहा महिने परतणार नाही, तेव्हा घरचं म्हणून पत्र लिहायला तूच. फोन करू नकोस. एक तर तुझ्या शिलाई मशीनने तुझा उजवा कान खाल्लाय, आणि दुसरं म्हणजे इथला फोन सार्जंटच्या खोलीला लागून आहे. तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि इथे ओरडण्याचा हक्क फक्त सार्जंटला.

आमचा हॉल तू बघायलाच हवास. तुझ्या दुकानासारखी आठ दुकानं आडवी मावतील एवढा लांब आहे. मधे टेबलं, गुळगुळीत, कुठे खिळा नाही की कुसळ नाही. टेबलावर पांढरं कापड ताणायचं, दोऱ्या सरळ करायच्या, प्रत्येक दोरी बोटांतून सरकवत शेवटपर्यंत जायचं, पीळ नाही ना बघायचं, मग घड्या, मग पिशवी, आणि शेवटी कार्डावर सही. त्या सहीवर भरवसा ठेवून कुणीतरी विमानातून उडी मारणार. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच नियम लिहिलाय: जो घडी करेल, तो तीच पॅराशूट घेऊन उडी मारायला तयार असेल. कॅप्टनबाई कधीही बोट दाखवून म्हणतात, "ही उचला आणि चला." गेल्या आठवड्यात माझ्यावर बोट आलं. आत्या, मला आकाश खरोखरच ठेंगणं झालं गं!

आणि एक गंमत. सार्जंटनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर माझे हात स्वतः तपासले आणि मला पांढरे हातमोजे दिले. आम्ही अकरा जण आहोत. मोजे फक्त मला.

आतोबांना सांग, त्यांनी दिलेला डबा दुसऱ्या दिवशीच संपला.

तुझी,
भिंगरी


१२ जून

चि. भिंगरी,

खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिडीवर होते, दातांच्या डॉक्टरिणीच्या खिडकीला पडदा लावत. पोस्टमनने पत्र तिथेच आणून दिलं, मी तिथेच फोडलं, आणि हातमोज्यांपाशी आले तशी शिडीवरूनच ओरडले. खाली खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून बसले होते, ते बिचारे दचकून उभेच राहिले.

अकरा जणांत तुला एकटीला! आपल्या लोकांतली पहिली पोर त्या हॉलमध्ये गेली आणि पहिल्याच दिवशी मान. मी डॉक्टरिणीला सांगितलं, बेकरीवाल्याला सांगितलं, पोस्टमनला दोनदा सांगितलं. बेकरीवाला म्हणाला, "संचलनात पांढरे मोजे घालतात, ते मोठ्या लोकांचं काम." मी म्हटलं, तेच ना! आतोबा म्हणाले, "अगं, पोरीला जरा श्वास घेऊ दे, तू तर तिला सेनापती करून ठेवलंस." त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही. चाळीस वर्षांचा सराव आहे.

सरकारी मोजे कसे असतात ते मला ठाऊक आहे, जाडेभरडे आणि अंगठ्यात फुगणारे. म्हणून सोबत एक जोड पाठवते आहे. माझ्याकडे होतं त्यातलं सगळ्यात तलम अस्तर कापून शिवलाय. माप माझ्याच हाताचं घेतलं, आपले पंजे सारखेच आहेत, लांब बोटं आणि आखूड अंगठा. शिवण आतून इतकी बारीक घातली आहे की तुला शोधून सापडायची नाही.

शिवता शिवता एक मात्र मनात आलं. तू माझ्या मशीनखाली बसून लहानाची मोठी झालीस. आंधळी कोशिंबीर खेळावी तशी डोळे मिटून कापड ओळखायचीस, हे सुती, हे रेशमी, हे कापडवाले अंकल फसवतायत. मोजे घालून कापड कळतं का गं?

तुझी,
आत्या


२५ जून

प्रिय आत्या,

पार्सल मिळालं. मोजे अगदी बेतून दिल्यासारखे बसले. रोज वापरते.

इथे उकाडा आहे. हॉलमध्ये पंखे लावता येत नाहीत, कापड उडतं. जेवणात मीठ कधी असतं, कधी नसतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक लांब्या आहे, एवढा उंच की पॅराशूटच्या दुसऱ्या टोकापर्यंत त्याचा हातच पोचेल, चालत जायलाही नको. स्वभावाने बरा वाटतो. फार बोलत नाही.

त्या तोंड उघड्या गृहस्थांचं पुढे काय झालं? दात काढला की नाही? डॉक्टरिणीचा पडदा कोणत्या रंगाचा? आतोबांचा गुडघा कसा आहे? सगळं लिही. तुझी पत्रं वाचताना मला एकटीलाच हसू फुटतं.

काम खूप आहे. बाकी मजेत.

भिंगरी


२ जुलै

चि. भिंगरी,

दात काढला. पडदा फिकट निळा. गुडघा तसाच, आवाज करतो पण चालतो, आतोबांसारखा. झाली तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. मी एकच विचारला होता आणि तू मिठापासून पंख्यापर्यंत सगळं लिहिलंस, तेवढं सोडून.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "बाकी मजेत" हे दोन शब्द तू लहानपणी पडून गुडघा फोडून आलीस की म्हणायचीस.

म्हणून आधी मी माझं सांगते. हे आतोबांशिवाय कुणाला माहीत नाही, तुझ्या बाबांनाही नाही. स्वतःचं दुकान काढण्याआधी मी नऊ वर्षं पडद्यांच्या मोठ्या दुकानात होते. बंगल्याबंगल्यांत जाऊन पडदे लावायचे. पहिल्याच आठवड्यात मालकीणबाईंनी मला पांढरे हातमोजे दिले आणि सांगितलं, बाह्या मनगटापर्यंत ठेवत जा, गिऱ्हाइकांना बरं वाटतं. बाकीच्या दोघी गोऱ्या होत्या, त्या उघड्या हातांनी काम करायच्या. घरी येऊन मी काय सांगितलं माहितेय? मालकिणीने खास मला मोजे दिले, माझं काम सगळ्यांत नीटस म्हणून. तुझे बाबा तेव्हा शाळेत होते, वर्गभर सांगत सुटले. त्यांचं तोंड एवढं फुललं होतं की खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मग नऊ वर्षं झाली नाही.

मला वाटायचं, मी विसरले. तुझे मोजे शिवून झाले तेव्हा ते मी मापासाठी स्वतःच्या हातात घालून बघितले, आणि माझ्या नकळत बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. तरी म्हटलं, नाही, लष्करात मोजे म्हणजे मानच असणार. आणि गावभर नाचून आले. मूर्ख म्हातारी!

ते मोजे मानाचे नाहीत ना भिंगरी? खरं लिही. तुला रागावणार नाही. रागवायचं कुणाला ते मी नंतर ठरवीन.

तुझी,
आत्या


१४ जुलै

आत्या,

नाहीत.

पहिल्या दिवशी सार्जंटनी मला टेबलापाशी थांबवलं. खिशातून पांढरा रुमाल काढला, माझा तळहात त्याने घासला, आणि रुमाल सगळ्यांना उंच धरून दाखवला, रंग लागलाय का ते. हॉल हसला. मग म्हणाले, "सरकारी कापड पांढरं आहे. धोका नको." आणि मोजे पुढे केले. तेव्हापासून मी "डांबर". माझ्या कपाटावरच्या नंबराला बुटाचं काळं पॉलिश फासलेलं असतं, मी रोज पुसते, ते रोज फासतात. मी जेवायला बसले की टेबलावर जागाच जागा होते. हे सगळं तुला लिहायला घेतलं आणि माझ्याच हाताने "गंमत" असं लिहून गेले. तू एवढी आनंदलीस, मग मागे फिरता येईना. आता कळलं हे घराण्यातच आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मोजे घालून कापड कळत नाही. दोरी तर अजिबात नाही. सुरुवातीला मी युक्ती करायचे. सार्जंट बाहेर गेले की मोजे काढून सगळं पुन्हा उघडायचे, पुन्हा हाताळायचे, आणि मगच सही. जेवणाची सुट्टी त्यात जायची, तसंही जेवायला कुणी बोलवत नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं, तेव्हा मी गंमत म्हणून डोळे मिटले आणि मुद्दाम पीळ दिलेली दोरी मोजे घालून बोटांतून सरकवली. तुझे मोजे, सगळ्यात तलम अस्तराचे. पीळ बोटांखालून निघून गेला आत्या, मला पत्ताच लागला नाही.

त्याच सुमाराला कुणीतरी चहाडी केली आणि सार्जंट स्टूल घेऊन माझ्या टेबलासमोर बसायला लागले. दिवसभर. मोजे काढता येईनात. तेव्हा मी घड्या करत राहिले, पण कार्डांवर सही करणं बंद केलं. सहीचा हुकूम कुणी देऊ शकत नाही, तसा नियमच आहे. बिनसहीच्या पॅराशूट वेगळ्या फळीवर जातात. आज त्या फळीवर सतरा आहेत.

सार्जंटनी माझ्यावर काम अडवल्याचा ठपका ठेवलाय. कॅप्टनबाई बाहेरगावी आहेत, परतल्या की सुनावणी. मला काढूनही टाकतील. मला हे काम आवडतं गं, इतकं आवडतं की हातांना रविवारी करमत नाही. पण ज्या घडीवर मी स्वतः उडी मारणार नाही, तिच्यावर सही करून दुसऱ्याला कशी देऊ?

भिंगरी


२१ जुलै

भिंगरे,

सही करू नकोस.

एवढंच लिहून पत्र टाकणार होते, पण आतोबा म्हणाले, अर्धं पान कोरं सोडायला तू काय मंत्री आहेस? म्हणून बाकीचं लिहिते.

मी काल सगळीकडे जाऊन आले. जिथे जिथे मी मोज्यांचा मान मिरवला होता, तिथे तिथे परत गेले आणि खरं काय ते सांगितलं. तुझंही आणि माझंही. पोस्टमनला दोनदा सांगितलं, कारण आधी दोनदाच सांगितलं होतं. बेकरीवाला म्हणाला, त्याच्या भावाला बंदरावर असंच काहीसं झालं होतं, त्यानेही घरी वेगळंच सांगितलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "पण मोजे तर मीही घालते." मी म्हटलं, बाई, तुमच्या हातून चूक झाली तर दात जाईल, हिच्या हातून झाली तर माणूस जाईल. तिला ते पटलं. पडद्याला आणखी एक झालर लावून मागितली.

काढून टाकलं तर सरळ घरी ये. दुसरं मशीन मी तेल घालून ठेवलंय. पण मला मनापासून वाटतं, त्यांनी तुला काढू नये. काढलं तर नुकसान आपलं नाही, त्या उड्या मारणाऱ्या पोरांचं.

काय झालं ते लगेच कळव. पोस्टमन हल्ली आमच्या दाराशी पोचायच्या आधीच मान हलवून नाही म्हणतो. मला त्या माणसाचा राग यायला लागलाय.

आत्या


६ ऑगस्ट

माझी आत्या,

बस आधी. बसलीस? आतोबांना हाक मार आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांग, तुझ्या डाव्या कानाच्या बाजूने.

सोमवारी कॅप्टनबाई परतल्या आणि सुनावणी खोलीत न घेता हॉलमध्येच घेतली, सगळ्यांसमोर. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी उडी होती, पॅराशूट कमी पडत होत्या, आणि बिनसहीच्या फळीवर माझ्या एकतीस पडून होत्या. सार्जंटनी ठपका वाचून दाखवला. कॅप्टनबाईंनी मला एवढंच विचारलं, "सही का नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, मोजे घालून दोरीचा पीळ कळत नाही."

"मग मोजे का?"

आत्या, मी पुष्कळ वाक्यं पाठ केली होती, सगळी पळाली. आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून लांब्या बोलला. लाल झाला होता कानापर्यंत. म्हणाला, "मॅडम, हिच्या हाताचा रंग कापडाला लागेल म्हणून. सार्जंटनी रुमालाने हात घासून दाखवला होता. आम्ही हसलो. मीही हसलो."

कॅप्टनबाईंनी ते मोजे मागितले. मी घाईत खिशातून तुझे काढून दिले. सार्जंटना सांगितलं, "घाला, आणि एक घडी करून दाखवा. मग त्यावर सही करा. उद्या तुम्ही तीच घेऊन उडी माराल." सार्जंटनी हात घातला, तो अंगठ्यापाशी अडकला. ओढून बघितलं, फिरवून बघितलं. आपल्या घराण्याचा आखूड अंगठा, तिथे त्यांचं काय चालणार? कुणीतरी मागे फिसकन हसलं. शेवटी सरकारी जोड आणला.

सार्जंट कामात वाईट नाहीत, हे मी खरं ते लिहिते. कापड झकास ताणलं, घड्या सरळ. मग दोऱ्यांपाशी आले. पहिली दोरी बोटांत धरली. थांबले. छताकडे बघितलं. पुन्हा धरली. सगळा हॉल बघत होता. आणि आत्या, त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला.

कॅप्टनबाई म्हणाल्या, "काय झालं?"

"मॅडम, दोऱ्या हाताला लागाव्या लागतात."

"म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या विनोदापायी एकतीस माणसं न तपासलेल्या दोऱ्यांवर खाली यायची होती, आणि तुम्हाला हे माहीत होतं."

बस. एवढंच. सार्जंटना त्याच दुपारी हॉलमधून हलवलं, चौकशी बसली आहे, माझा जबाब लिहून घेतला, लांब्याचाही. माझ्यावरचा ठपका फाडून टाकला, माझ्यासमोर, चार तुकडे केले. मग कॅप्टनबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "या एकतीसचं काय?" मी म्हटलं, "सगळ्या उघडून पुन्हा कराव्या लागतील." त्या म्हणाल्या, "मग सगळे मिळून करा." आणि आम्ही केल्या, अकराच्या अकरा जणांनी, उघड्या हातांनी. एरवी जेवायला माझ्या टेबलाला जागाच जागा असायची, त्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभं राहायला जागा नव्हती. प्रत्येक जण विचारत होता, ही दोरी बघ गं, बरोबर आहे का. संध्याकाळच्या आत सगळ्या झाल्या आणि ज्यांची दोरी मी हाताळली त्यांवर मी सही केली. मंगळवारी सगळे सुखरूप उतरले.

सगळं गोड झालं असं नाही. दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि एक जण जरा जास्तच गोड बोलतो, ते त्याहून त्रासाचं आहे. कपाटावरचं पॉलिश मात्र कुणीतरी माझ्याआधीच पुसून ठेवलं होतं. लांब्याने माफी मागितली. मी त्याला म्हटलं, लगेच नाही, बघू. तो म्हणाला, ठीक आहे. आणि मग विचारतो काय, "तुझी आत्या मोजे शिवते का? माझ्या हाताला कुठलेच येत नाहीत."

वीस तारखेला घरच्या माणसांना उडी बघायला बोलावलंय. त्या दिवशी बोट माझ्यावर आलंय, मी केलेली घडी घेऊन मीच उतरणार. तुम्ही दोघांनी यायचंच. आतोबांच्या गुडघ्याला विचारू नकोस.

तुझी,
भिंगरी


२३ ऑगस्ट

चि. भिंगरी,

तीन दिवस झाले, माझी मान अजून वरच आहे. आतोबा म्हणतात, आता तुला खालचं काही दिसायचं नाही.

विमानातून ठिपके पडायला लागले तेव्हा मी ह्यांचा हात इतका घट्ट धरला की त्यांनी गुडघ्याचं दुखणं विसरून हाताची तक्रार केली. मी विचारलं, आपली कोणती? ते म्हणाले, "सगळ्या सारख्याच दिसतायत." खरंच गं, इतक्या उंचावर सगळे सारखेच ठिपके. मग एकेक पांढरं फूल उघडलं. जी सगळ्यात सुरेख उघडली ती तुझी, असं मी जाहीर करून टाकलं. ती तुझी नव्हती, हे मला नंतर कळलं, पण मी कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्यासाठी का होईना, घडी तुझीच होती, हे लांब्याने कार्ड बघून सांगितलं. भला उंच आहे. ह्यांच्याशी बोलायला त्याला वाकावं लागत होतं. त्याच्या हाताचं माप घेतलंय मी, पण हिवाळ्याचे लोकरी करणार आहे, आणि तेही तू म्हणशील तेव्हाच.

तू उतरलीस, तुझं ते कापड गवतावर पसरलं, आणि तू मला हात करून बोलावलंस. मी जवळ आले. एवढं पांढरं, एवढं मोठं कापड मी जन्मात बघितलं नव्हतं. आणि माझे हात आपोआप कपड्यांना पुसायला गेले. दोनदा, तीनदा पुसले. मला कळलंही नाही मी काय करतेय ते. तुला कळलं. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "पुसू नकोस, आत्या."

मी दोन्ही तळवे तसेच कापडावर ठेवले. उन्हाने ते गरम झालं होतं. मग उचलले आणि वाकून बघितलं, इतक्या लोकांत, लाज सोडून. कापड जसं होतं तसंच होतं. मला रडू आलं आणि तू हसत होतीस आणि तुझ्या कॅप्टनबाई दुसरीकडे बघत उभ्या होत्या, फार समजूतदार बाई आहे.

नऊ वर्षांत एकदा तरी मी मोजे काढून बघायला हवे होते गं. असो. आता बघितलं.

कापड गोळा करायला तू मला एक टोक धरू दिलंस. माझ्या बाजूची घडी सरळ होती. तुझ्या बाजूची जरा तिरकी गेली होती, चार लोकांत बोलले नाही.

तुझी,
आत्या

ता. क. तलम अस्तराचे मोजे मी येताना उचलून आणले. आतोबा त्यांनी चष्मा पुसतात. म्हणतात, कापड उत्तम आहे.